नवऱ्याची शुगर तुमच्या हातात नाही, ताई

पत्र:

नमस्कार ताई, मी डोंबिवलीहून लिहितेय. वय ४८, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी शुगर निघाली, आता शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.२ टक्के आलीय. सासऱ्यांना पण होती, त्यांचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला आणि दोन वर्षांत ते गेले. ह्यांचं एकच पालुपद, आमच्या घराण्यातच आहे, बाबांनी एवढं पथ्य पाळून काय झालं, जे व्हायचं ते होणारच. मी सकाळी गोळ्या हातात देते, डबा वेगळा करते, रात्री शुगर मीच मोजते, वहीत लिहिते. परवा ह्यांच्या मोबाईलवर यूपीआयचे मेसेज बघितले तर आठवड्यात चार वेळा स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला पैसे गेलेले. खूप बोलले मी, मग दोन दिवस अबोला. माझा ठाम विश्वास आहे की माणसाने मनावर घेतलं तर सगळं आपल्या हातात असतं. ह्यांना काही झालं तर मीच कमी पडले असं वाटेल मला. रात्री तीनला जाग येते ती येतेच. ऑफिसच्या कॅम्पमध्ये माझं बीपी १५२/९६ निघालं, परत दाखवा म्हणाले, पण वेळ कुठेय. सासूबाई म्हणतात स्वामींवर सोड. ह्यांना कसं पटवू की आरोग्य आपल्याच हातात असतं? आणि मुलगी २४ची आहे, तिची पण आत्ताच तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर:

ताई, आधी सरळ सांगते, मग रागवा हवं तर. त्यांना पटवू नका. तुम्हाला जे पटवायचंय ते पूर्ण खरं नाहीये, आणि ते जे धरून बसलेत ते पूर्ण खोटं नाहीये, आणि तुम्ही जितकं जोरात सांगणार तितके ते हट्टाने उलट्या टोकाला जाऊन बसणार, चार वर्षं घरात हेच चाललंय ना?

तुमच्या स्वयंपाकघरातला हा वाद मानसशास्त्रात खूप जुना आहे बरं का. ज्युलियन रॉटर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६६ मध्ये २९ जोड्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, प्रत्येक जोडीत दोन वाक्यं आणि जे जास्त पटतं त्यावर खूण करायची. (त्यातल्या सहा जोड्या नुसत्या भरतीच्या, कशाची परीक्षा चाललीय ते माणसाला कळू नये म्हणून.) बाकीच्यांत एक वाक्य साधारण असं की माझ्या आयुष्यात जे होतं ते माझ्या करणीने होतं, आणि दुसरं असं की नशीब, योगायोग, नाहीतर मोठी माणसं ठरवतात. यावरून माणूस कुठल्या बाजूला झुकतो ते बघायचं. मग १९७८ मध्ये वॉलस्टन दांपत्य आणि डिव्हेलिस यांनी खास तब्येतीसाठी वेगळी मोजणी केली, आणि त्यांनी एका मोजपट्टीच्या तीन केल्या. माझी तब्येत माझ्या हातात आहे ही एक, डॉक्टर किंवा घरच्यांसारख्या दुसऱ्या वजनदार माणसांच्या हातात आहे ही दुसरी, आणि नशिबाच्या हातात ही तिसरी. मुद्दा असा की या तिन्ही एकमेकांना छेद देत नाहीत, एखादी आजी डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर पाळते, रोज चालायला जाते आणि वर म्हणते आयुष्य काय वरून लिहूनच आलंय, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नाही, आणि नसतंच ते विचित्र.

आता तुमचं घर बघा. तुम्हाला वाटतं तुमचे मिस्टर नशिबाच्या पट्टीवर आहेत आणि तुम्ही 'माझ्या हातात'वर. पण ताई, गोळ्या कोण देतं, शुगर कोण मोजतं, वही कुणाची, डबा कुणाचा? त्यांच्या आजाराच्या बाबतीत ती दुसरी वजनदार व्यक्ती तुम्हीच झालाय. त्यांच्याकडे त्यांच्या शुगरमधलं स्वतःचं असं एकच काम उरलंय, ते म्हणजे वडापाव. चार वर्षांत त्यांनी स्वतःहून घेतलेला निर्णय शोधा, तोच सापडेल. म्हणून तो इतका गोड लागतोय.

मी तुम्हाला दोष देत नाहीये हं. सासऱ्यांचा पाय तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, ड्रेसिंग पण तुम्हीच केलं असणार, तुम्ही घाबरणार नाही तर कोण घाबरणार. पण तोच पाय त्यांनी पण बघितलाय आणि त्यातून त्यांनी वेगळा अर्थ काढला, एवढंच. त्यांचं 'जे व्हायचं ते होणार' हे आळशीपणातून आलेलं नाही असं मला वाटतं. पथ्य पाळणारा बाप पाय गमावून गेला हे ज्या मुलाने बघितलं त्याला 'मनावर घेतलं तर सगळं होतं' हे वाक्य ऐकून काय वाटत असेल विचार करा. बाबांनी मनावर घेतलं नाही असं तुम्ही म्हणताय असं त्यांना ऐकू येत असेल. यावर अबोला नाही होणार तर काय होणार.

सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे कुत्र्यांवरचे प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात. काहीही केलं तरी शॉक थांबत नाही असा अनुभव आलेले बरेचसे कुत्रे नंतर, सुटायची वाट समोर असूनसुद्धा, पडून राहायचे. त्यावरून तेव्हा निष्कर्ष काढला की हतबलता शिकली जाते. लोकांना ही गोष्ट इथपर्यंतच माहीत असते. पुढचं असं की याच दोघांनी २०१६ मध्ये, मधल्या काळातला मेंदूवरचा अभ्यास बघून, आपलंच म्हणणं जवळजवळ उलटं केलं. ते म्हणाले की लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही शरीराची मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही, शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. मला हे तुमच्या बाबतीत फार उपयोगाचं वाटतं, कारण मग तुमच्या मिस्टरांच्या डोक्यातून काहीतरी काढून टाकायचं कामच उरत नाही, वाद घालायचं कारणच संपतं. त्यांना एक नवीन अनुभव यायला हवा, आणि तो भाषणातून येत नाही.

आता खरं काय ते पण मांडू, म्हणजे त्यांच्याशी बोलताना तुम्ही लपवाछपवी करताय असं त्यांना वाटणार नाही. घराण्याचा भाग खरा आहे. आईवडिलांना शुगर असेल तर मुलांचा धोका वाढतो, यात वाद नाही. आपल्याकडच्या लोकांचं अजून एक, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय, त्यांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकारी डॉक्टरांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला दोघेही सडपातळ! तर हे सगळं कुणी मनावर घेऊन ठरवलेलं नाही, जन्माच्या आधीपासूनच्या गोष्टी आहेत त्यात. मिस्टरांना हे मोकळेपणाने म्हणा, की हो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, हे तुम्ही ओढवून घेतलेलं नाही. चार वर्षांत हे वाक्य त्यांनी घरात ऐकलेलं नसेल.

आणि प्रयत्नांचं काय? चेन्नईत एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये निकाल आले, शुगर सीमेवर असलेल्या पाचशेहून जास्त लोकांवर. ज्यांना साधा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला, आणि ज्यांच्याकडून खाण्यात आणि चालण्याफिरण्यात नीट बदल करून घेतले त्यांच्यात ३९.३ टक्के लोकांना. हा आकडा मला फार आवडतो कारण तो दोघांनाही गप्प करतो, म्हणजे तुम्हालाही आणि मिस्टरांनाही. ५५चे ३९ झाले, म्हणजे करण्याने फरक पडतो, चांगलाच पडतो. पण ज्यांनी केलं त्यातल्याही शंभरातल्या ३९ जणांना झालाच ना? त्यांनी मनावर घेतलं नव्हतं का? घेतलं होतं. तुम्ही रोज लोकलने जाता, गाडी वेळेवर येणं तुमच्या हातात नाही पण घरातून कधी निघायचं ते आहे, आणि लवकर निघूनसुद्धा एखाद्या दिवशी लेटमार्क लागतोच, तेव्हा तुम्ही स्वतःला फासावर देत नाही.

तुमच्या मिस्टरांना शुगर आधीच आहे, तर त्यांच्यासाठी दुसरा आकडा. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं पाच हजारांवर नवीन डायबिटीसवाल्यांचा पाठपुरावा केला, त्यात असं दिसलं की तीन महिन्यांची सरासरी जितकी एका टक्क्याने कमी, तितका डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, आणि पाय कापावा लागण्याचा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने जाण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी. ९.२ वरून एकदम ६ वर नको, ८.२ झालं तरी हिशोब बदलतो. बाबांच्या वेळी घरोघरी शुगर मोजायचं मशीन नव्हतं, पथ्य पाळलं म्हणजे काय पाळलं आणि त्याने शुगर किती हलली हे त्यांना कोण सांगणार होतं? हे मात्र तुम्ही बोलू नका, तुमच्या तोंडून ते भाषणच वाटेल, डॉक्टरांना बोलू दे.

आता मशीनबद्दल. ते मशीन तुमच्याकडून काढून त्यांच्या हातात द्या. खरंच द्या, वहीसकट, आणि ती वही उघडून बघायची नाही. त्यांना एवढंच सांगा की एकदा मजा म्हणून बघा, जेवणाआधी मोजा, मग दोन तासांनी मोजा, मग दुसऱ्या दिवशी तेच जेवण जेवून लगेच पंधरा-वीस मिनिटं खाली चक्कर मारून या आणि परत मोजा. जेवणानंतर चाललं की शुगर कमी चढते हे बहुतेकांच्या बाबतीत त्या छोट्या स्क्रीनवर चक्क दिसतं. तो वडापाव पण मोजू देत की! वडापाव खाऊन किती चढते आणि दोन भाकऱ्या, उसळ, कोशिंबीर खाऊन किती, हे स्वतःच्या बोटातल्या रक्ताने बघितलेलं माणूस विसरत नाही. आणि कदाचित असंही दिसेल की साबुदाण्याची खिचडी, जी तुम्ही उपवासाची म्हणून प्रेमाने करता, ती पण मागे नाहीये, तेव्हा तुम्हाला हसायची तयारी ठेवावी लागेल. बंडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच आहे, की 'तब्येत आपल्या हातात असते' अशा मोठ्या विश्वासाने माणूस हलत नाही, 'ही अमुक गोष्ट मला जमते' या छोट्या विश्वासाने हलतो, आणि तो विश्वास यायचा सगळ्यात पक्का रस्ता म्हणजे एकदा ती गोष्ट जमलेली बघणं. मघाच्या त्या तीन पट्ट्यांचं पण पुढे असंच निघालं, नुसत्या त्यावरून कोण पथ्य पाळेल याचा अंदाज फारसा लागत नाही.

एक काळजी मात्र घ्या. त्यांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर अचानक खाणं कमी करून चालणं वाढवल्यावर शुगर खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि ते त्यांनीच विचारायचं. घाम सुटणं, थरथर, धडधड, बोलताना गोंधळ, असं झालं आणि शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायची. मोजत बसण्याइतका वेळ नसेल तर आधी साखर, मग मोजणी. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, इथे 'त्यांचं ते बघतील' चालणार नाही.

मशीन देऊन टाका म्हणते त्यामागे अजून एक अभ्यास आहे. अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये दोन मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना दोन वेगळी भाषणं दिली. एका मजल्याला सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते तुम्ही ठरवा, हे रोप हवं तर घ्या, निवडा आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यालाही रोपं दिली, सिनेमा दाखवला, सगळं दिलं, पण सांगितलं की तुमची काळजी घेणं ही आमची जबाबदारी आहे, पाणी नर्स घालेल. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी, जास्त हिंडती-फिरती दिसली. दीड वर्षाने परत बघितलं तर पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते आणि दुसऱ्यातले ३० टक्के. हा मृत्यूचा आकडा अगदी छोट्या गटाचा आहे, त्यावर फार उड्या मारू नयेत, रोपाला पाणी घातल्याने माणूस अमर होतो असं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका प्लीज. पण दुसऱ्या मजल्यावर काळजी घेणारे लोक काही वाईट वागत नव्हते, ते प्रेमानेच सगळं करत होते, तिथे मला तुमची आठवण आली.

आणि याची दुसरी बाजू फार कमी लोक सांगतात. त्याच सुमारास रिचर्ड शुल्झ यांनी दुसऱ्या एका वृद्धाश्रमात कॉलेजच्या मुलांना म्हाताऱ्यांना भेटायला पाठवलं, काही म्हाताऱ्यांना मुलं कधी येणार, किती वेळ थांबणार ते ठरवायची मुभा दिली, काहींना निदान आधी कळवलं. त्यांची तब्येत इतरांपेक्षा बरी राहिली. मग अभ्यास संपला, मुलं यायची बंद झाली, आणि १९७८ मध्ये जे निकाल आले त्यात हीच मंडळी जास्त खालावलेली दिसली. हातात दिलेलं काढून घेतल्यावर माणूस पहिल्यापेक्षा खाली जाऊ शकतो. म्हणून मशीन एकदा दिलं की दिलं. पहिल्यांदा मशीनवर शुगर २६० आली आणि तुम्ही 'बघा, म्हणूनच मी म्हणत होते' म्हणून ते परत कपाटात ठेवलंत तर न दिलेलं बरं. आणि २६० येणार आहे हं, धरून चाला.

त्या दिवशी तुम्ही काय म्हणायचं? 'बरं.' झालं.

आता तुमच्याकडे वळते, कारण मला खरी काळजी तुमची वाटतेय. तुम्ही लिहिलंय मनावर घेतलं तर सगळं आपल्या हातात असतं. ताई, हा विश्वास फुकट येत नाही. शर्मन जेम्स नावाचे अमेरिकेतले एक संशोधक आहेत, त्यांना १९७०च्या दशकाच्या शेवटी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याची कहाणी ऐकायला मिळाली, जॉन हेन्री मार्टिन त्यांचं नाव. शाळा जवळजवळ नाही, स्वतःच लिहायला-वाचायला शिकले, आणि गोऱ्या जमीनदारांच्या कर्जात पिढ्या अडकायच्या त्या काळात चाळिशीला ७५ एकर जमीन स्वतःच्या नावावर केली, निव्वळ कष्टावर. आणि पन्नाशीच्या शेवटाला बीपी, संधिवात, आणि पोटाचा अल्सर इतका की पोटाचा ४० टक्के भाग काढावा लागला. जेम्सनी या स्वभावाला त्यांच्याच नावावरून जॉन हेन्रीइझम म्हटलं आणि १९८३ पासून मोजायला सुरुवात केली, की 'कितीही अडचण येवो मी रेटून नेणारच' असं मानणारी माणसं जेव्हा अशा परिस्थितीत असतात जिथे पैसा, शिक्षण, मदत यातलं फारसं काही हाताशी नाही, तेव्हा त्यांचं बीपी जास्त दिसतं का. त्यांच्या अभ्यासात तसं दिसलं, नंतरच्या काही अभ्यासांत दिसलं आणि काहींत नाही, म्हणजे हा काही नियम नाही. आणि तुमची परिस्थिती त्यांच्यासारखी अजिबात नाही, तसं मला म्हणायचंच नाहीये. पण रेटण्याची किंमत शरीर भरतं ही शंका घ्यायला जागा आहे, आणि १५२/९६ वाल्या बाईने तर ती घ्यावीच.

लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास पण ऐकला असेल तुम्ही, दहा हजारांवर माणसं, १९८५ पासून पाठपुरावा. त्यात १९९७ ला दिसलं की ज्यांना आपल्या कामात स्वतः ठरवायला फारसं काही नसतं त्यांना हृदयविकार जास्त. आता बघा, तुमच्या ऑफिसात नाही, घरात तुम्ही अशीच एक नोकरी पत्करलीय. जबाबदारी पूर्ण तुमची आणि अधिकार शून्य, कारण घास शेवटी त्यांच्या हाताने त्यांच्या तोंडात जातो. डोंबिवलीच्या स्टेशनबाहेर तुम्ही चोवीस तास उभ्या राहू शकत नाही. ही नोकरी सोडा. तीनला जाग येते ती या नोकरीच्या नाईट शिफ्टची आहे असं मला वाटतं, अर्थात वयही ४८ आहे, पाळी जायच्या दिवसांत झोप अशी मोडते, ते पण डॉक्टरांना सांगा, सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकू नका.

आणि यातला जो भाग खरोखर तुमच्या हातात आहे तोच तुम्ही टाळलाय. बीपी एकदा जास्त आलं म्हणजे बीपीच आहे असं नाही, कॅम्पच्या गर्दीत घाईत मोजलेलं कमी-जास्त होतं, पण १४०/९० च्या वर आलं की परत नीट मोजायचंच असतं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलवर, अर्धा तास आधी चहा नाही, वेगवेगळ्या दिवशी. हे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी दिली तर घ्या. 'मी चालून, योगा करून उतरवीन, मला गोळीची गरज नाही' असं म्हणायचा मोह तुम्हालाच होणार आहे, मिस्टरांना नाही, कारण सगळं स्वतःच्या हातात मानणाऱ्यांना गोळी म्हणजे हार वाटते. मीठ कमी करायचं तर लोणचं-पापड-फरसाण यांच्यापासून सुरुवात करा, आणि ते सगळ्या घराचंच होऊ दे.

सासूबाईंचं 'स्वामींवर सोड' यावर तुम्ही चिडल्यासारख्या वाटलात. मला त्या म्हणतात त्यात वाईट काही दिसत नाही. अंगारा लावून गोळी घेता येते. त्यांनी 'गोळी सोड' म्हटलं तर भांडा, 'काळजी सोड' म्हणत असतील तर या घरात तुम्हाला नीट सल्ला देणारी एक व्यक्ती आहे असं समजा.

तर करायचं काय, म्हणजे उद्यापासून. यूपीआयचे मेसेज बघणं बंद, आजपासूनच. गोळ्यांचा डबा त्यांच्या कपाटात, अलार्म त्यांच्या मोबाईलवर, विसरले तर विसरले. डब्यात वेगळं पथ्याचं करणं थांबवा, एका घरात दोन स्वयंपाक म्हणजे रोज त्यांना ताटातच सांगणं की तुम्ही आजारी आहात, त्यापेक्षा सगळ्यांचंच जेवण थोडं बदला, आणि त्यांना दोनातलं एक विचारा, उद्या मेथीची भाजी की मुगाची उसळ, आणि ते जे म्हणतील ते करा. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी त्यांना एकटं आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा, किंवा जाऊच नका. एकटा गेलेला माणूस डॉक्टरांना 'वडापाव किती चालेल' हे विचारू शकतो, बायको शेजारी असताना नाही विचारू शकत. वर्षातून एकदा डोळ्यांची आणि पायांची तपासणी एवढं मात्र त्यांना एकदा सांगून ठेवा, आणि रोज रात्री तळपाय बघणं हे त्यांच्याकडे सोपवा, बाबांच्या बाबतीत सुरुवात कशी झाली हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. पायाला न भरणारी जखम दिसली तर मात्र थांबायचं नाही, तेव्हा धरून न्या, तेव्हा तत्त्वज्ञान नको.

हे सगळं करून ते सुधारतील का? मी लिहून देऊ शकत नाही. काही जण मशीन हातात आल्यावर पण सहा महिने ड्रॉवरमध्ये टाकतात. कदाचित पहिले काही आठवडे शुगर वाढेलच, कारण इतके दिवस तुमच्या धाकाने जेवढं होत होतं तेवढंही होणार नाही, म्हणून डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा की आम्ही असं करतोय आणि पुढची तपासणी जरा लवकर ठेवा. तोपर्यंत तुम्हाला फार त्रास होईल, हात शिवशिवतील. तेव्हा कुणाशीतरी बोला, लोकलच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी आहेत ना, त्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच असेल.

मुलीचं विचारलंत. आजोबांना होती, वडिलांना आहे, तर उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी एकदा बघून घ्यायला काहीच हरकत नाही, वजन जास्त असेल किंवा पाळीच्या तक्रारी असतील तर नक्कीच बघावी, आणि ठीक आली तर वरचेवर करत बसायची गरज नाही, परत कधी ते डॉक्टर सांगतील. पण तिला विचारा आधी. आणि हो म्हणाली तर लॅबला फोन तिलाच करू दे, रिपोर्ट पण तिच्याच नंबरवर मागवू दे.